बाबांनी मांडलेले बोल्ट

ऑयगेन म्योर्कने आयुष्यात काही फेकून दिलं नव्हतं. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, तुटक्या घड्याळांचे पट्टे, दोऱ्यांचे तुकडे, सगळं गराजच्या मागच्या कपाटात नीट लावून ठेवलेलं. वाकडे खिळे तो हिवाळ्यात ऐरणीवर ठेवून सरळ करी. गावात त्याला कुणी हसत नसे, कारण प्रत्येकाच्या घरी असं एक कपाट होतंच. जर्मनीतल्या या श्वाबिया भागातली माणसं चर्चमध्ये रविवारी जातात, पण काटकसरीचा धर्म मात्र रोज पाळतात.

त्यांचा दुसरा धर्म म्हणजे कुणाचं कौतुक करायचं नाही. ‘शिव्या घातल्या नाहीत ना, मग कौतुकच झालं समज,’ असं तिथे म्हणतात, आणि गंमत म्हणून म्हणत नाहीत. ऑयगेनची मुलगी गेर्लिंडे पन्नाशीला टेकली होती, पण बापाच्या तोंडून ‘छान’ हा शब्द तिने फक्त हवेबद्दल ऐकला होता. तोही एकदाच, द्राक्षांच्या तोडणीच्या दिवसांत.

बाई होती खमकी. हात बापासारखेच रुंद, हसणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाणारं. हवेवर थंड होणाऱ्या जुन्या पोर्शेचं इंजिन बांधावं तर गेर्लिंडेने, असं म्युनिकपासून झुरिकपर्यंतचे शौकीन म्हणत, आणि ते खरं आहे हे तिलाही ठाऊक होतं. उगाच लाजायचा तिचा स्वभाव नव्हता. फक्त गराजच्या फाटकावरच्या पाटीवर अजून ‘ऑयगेन म्योर्क, मोटार दुरुस्ती’ एवढंच होतं. बाप ऐंशीला आला तरी पाटी हलत नव्हती, आणि तिला सलत होतं ते तेवढंच.

मागच्या शेडमध्ये घोंगड्यांखाली बापाची स्वतःची गाडी होती. केशरी पोर्शे नऊ-अकरा, बहात्तर सालची. तरुणपणी ऑयगेन पोर्शेच्या कारखान्यात इंजिनं जुळवायचा. द्राक्षांच्या मळ्यात कुणीतरी उलटवलेली ही गाडी त्याने भंगारातून घेतली, स्वतः उभी केली, आणि दरवर्षी वसंतात, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या गुरुवारी, जुन्या गाड्यांच्या मेळ्यात तिला मांजरचढणीवरून डोंगरमाथ्यावर नेलं. मांजरचढण म्हणजे गावामागचा घाट, सगळा वळणावळणाचा. पुढे इंजिन तेल प्यायला लागलं, मागून निळा धूर यायला लागला, तेव्हा त्याने तिच्यावर घोंगडी टाकली.

शरदात एका संध्याकाळी कार्लेच्या खानावळीत विषय निघाला.

“गाडी मी उभी करते,” गेर्लिंडे म्हणाली. “पण माझ्या पद्धतीने.”

“तुझ्या पद्धतीने म्हणजे काय गं?” ऑयगेनने वाइनचा पेला खाली ठेवला.

“मोठे सिलिंडर. प्रत्येकाला दोन-दोन स्पार्क प्लग. पुढच्या मडगार्डात तेलासाठी जादा कूलर. ताकद वाढवली की उष्णता वाढणार, बाबा. या इंजिनात पाणी नाही, मग ती तेलातूनच बाहेर काढायला हवी.”

“कारखान्यातल्या लोकांना अक्कल नव्हती का? हवं असतं तर त्यांनीच लावलं असतं.”

“तिथे सगळे तुमच्यासारखेच चिकट होते ना! दुसरा प्लग कोण देणार?”

खानावळ खदखदून हसली. “ऑयगेन, पोरीचे हात तुझे आणि जीभ तिच्या आईची!” कार्ले ओरडला. कार्ले खानावळवाला, आणि गावातल्या बातम्यांचा घाऊक व्यापारीही तोच.

ऑयगेनला हसणं झोंबलं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, “ऐका रे. या स्वर्गारोहणाला हिचं इंजिन मांजरचढण चढलं, तर पाटी उतरवतो. गराज हिचं. नाही चढलं, तर गाडी विकायची आणि मी डोळे मिटेपर्यंत गराजमध्ये माझाच शब्द. मग हिने ब्र काढायचा नाही.”

“द्या हात,” गेर्लिंडे म्हणाली.

त्या भागात हातात हात दिला की विषय संपला. वकिलाची गरज लागत नाही.

हिवाळाभर ती त्या गाडीला भिडली. गंजलेला तळ कापून नवा पत्रा जोडला, दारांच्या फटी बोटाने चाचपून सारख्या केल्या, ब्रेक मोठे केले, रंग मात्र मूळचाच केशरी दिला. बाप रोज यायचा आणि रोज कुरकुरायचा. “हे कशाला? ते कशाला?” पण एक काम तो कुणाला करू द्यायचा नाही. इंजिन जुळवायच्या आधी सगळे भाग धुऊन, तेल लावून, पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडायचे. हात पुढे केला की हवी ती वस्तू बोटाखाली आलीच पाहिजे. कारखान्यात तो असाच मांडायचा. गेर्लिंडेने पहिल्यांदा पाना धरला तेव्हापासून त्याने मांडलेला एक वॉशरसुद्धा इकडचा तिकडे झाला नव्हता.

वसंतात इंजिन सुरू झालं. मागच्या पंख्याची ती शिट्टी, खाली तो कोरडा खणखणाट, आणि पाय दाबला की अंगावर येणारी गुरगुर. गेर्लिंडे एकटीच मोठ्याने हसली. “आहे का कुणाची माय व्यायली!” ती म्हणाली. बाप दारात उभा होता. तो काही बोलला नाही, म्हणजे शिव्याही घातल्या नाहीत. तिने ते पदरात पाडून घेतलं.

मेळा तीन दिवसांवर आला होता. सोमवारी सकाळी तिला एक रबरी कडं हवं होतं, म्हणून तिने बापाचं कपाट उघडलं. बरण्यांमागे एक पाकीट दिसलं. चकचकीत आणि सीलबंद. आत पिस्टनच्या दांड्यांचे, म्हणजे कनेक्टिंग रॉडचे, नवे बोल्ट, तिनेच मागवलेले.

नवे बोल्ट इथे असतील, तर इंजिनात कुठले आहेत?

ऑयगेन अंगण झाडत होता. तिने पाकीट त्याच्यापुढे धरलं. “बाबा, हे काय?”

“अरे हो, परत द्यायचे राहिलेच की. पैसे मिळतील.” तो निवांत होता. “मी जुने दिले तुला. तू कचऱ्यात टाकले होतेस, शनिवारी झाडताना सापडले. पितळी ब्रशने घासले, तेलात ठेवले. नव्यासारखे झाले की नाही? तुलासुद्धा कळलं नाही!”

कळलं नव्हतं खरं. गेर्लिंडे तिथल्याच टायरवर बसली.

“बाबा, हे बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात. ताणले जातात म्हणूनच धरून ठेवतात. दुसऱ्यांदा त्यांचा भरवसा नाही. आणि आता ताकद केवढी वाढवलीय मी! चढावर एक जरी तुटला, तर रॉड इंजिनाचं पोट फोडून बाहेर येईल.”

“काही होत नाही. ते पोलाद जुनं आहे, अस्सल आहे. आणि चढण ती केवढीशी! टिकतील.”

“टिकतीलही. पण ‘टिकतीलही’ असलं इंजिन मी माझ्या नावावर बाहेर काढणार नाही.”

“पाटीवर नाव अजून माझं आहे.”

“मग तुमच्या नावावर तर मुळीच नाही!”

ऑयगेनचे कान लाल झाले. चूक आपली आहे हे त्याला उमगलं होतं, आणि अशा वेळी माणूस करतो तेच त्याने केलं. उलटा चढला. “आणि तू मोजले का नाहीस? बसवण्याआधी प्रत्येक बोल्टची लांबी मोजायची, हे मीच शिकवलं ना तुला? मोजले असतेस तर तेव्हाच कळलं असतं!”

बोलणं खरं होतं. दुसऱ्या कुणी मांडले असते तर तिने एकूण एक मोजला असता.

“तुम्ही मांडले होते,” ती म्हणाली. “म्हणून नाही मोजले.”

ऑयगेनने झाडू भिंतीला टेकवला आणि तो घरात निघून गेला.

तिने इंजिन खाली उतरवलं. खाली उतरवणं सोपं, पण त्या बोल्टांपर्यंत पोचायचं तर आख्खं इंजिन मधोमध उघडावं लागतं. सहाही सिलिंडर काढा, कवच उघडा, आणि मग सगळं पुन्हा जुळवा. गुरुवारपर्यंत ते होणं शक्य नव्हतं, आणि पैज हरली होती हे तिला पहिला नट सैल करतानाच माहीत होतं. पाटी तशीच राहणार, गाडी जाणार. रडू आलं, तेव्हा ती रडली, नाक पुसलं आणि दुसरा नट घेतला. हात एकदाही अडखळला नाही.

गुरुवारी सकाळपासून जुन्या गाड्या फाटकासमोरून घाटाकडे जाऊ लागल्या. केशरी गाडी अंगणात होती, मागचं झाकण उघडं, आत इंजिनाच्या जागी पोकळी. कार्लेने आपली गाडी मुद्दाम थांबवली.

“काय गं, मागे एवढी जागा केलीस, कोबी लावतेस का?”

“लावते की. खत तुझ्याकडूनच घेईन, तोंडातून अखंड पडतंच आहे.”

“बघा, तिचं सुधारलेलं इंजिन!” तो बाकीच्यांकडे वळून ओरडला. “चढणीच्या आधीच धाप लागली!”

हशा पिकला. एक वाक्य बोलली असती तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. ती बोलली नाही. बापाची लाज चव्हाट्यावर मांडून पाटी मिळवायची नव्हती तिला. आणि वरच्या खिडकीत काळा कोट घालून उभा असलेला ऑयगेन हे सगळं ऐकत होता.

थोड्या वेळाने तो खाली आला, टोपी घातली आणि चालतच डोंगराकडे निघाला. सोमवारपासून तो तिच्याशी बोलला नव्हता.

दुपारी कार्ले परत आला, तो धावत. चेहऱ्यावरचं हसू गायब.

“गेर्लिंडे, तुझ्या बापाला काय झालंय? अगं, सगळे सॉसेज खात बसलेले, हा बाकावर उभा राहिला! म्हणे, इंजिनाला काही झालेलं नाही. बोल्ट मी बदलले. कचऱ्यातून काढून जुने दिले तिला. चढण चढून गेली असती ती, पैज जिंकली असती. पण तिने इंजिन उघडलं. मी तिच्या जागी असतो तर उघडलं नसतं, म्हणे. सगळ्या मेळ्यासमोर! ऑयगेन म्योर्क!” कार्लेने टोपी काढून हातात चुरगळली. “आणि ते कोबीचं... मी आपलं उगाच...”

“राहू दे. खत लागेल तेव्हा सांगेन.”

फाटकाजवळ खडखड झाली. ऑयगेन काळ्या कोटासकट शिडीवर चढला होता आणि पाटीचे स्क्रू काढत होता. एकेक स्क्रू खिशात टाकत होता, अर्थातच. गेर्लिंडे हात पुसत बाहेर आली.

“बाबा, उतरा खाली. मी हरलेय. गाडी चढली नाही.”

“कोण हरलं ते मला कळतं. शिडी धर.”

तिने शिडी धरली. पाटी काखेत घेऊन तो उतरला. तिला वाटलं, आता ही जाणार त्या कपाटात, बरण्यांच्या मागे. पण त्याने पाटी उलटी करून तिच्या हातात दिली.

“मागची बाजू कोरी आहे,” तो म्हणाला. “तुझं नाव इकडे लिही. नवी कशाला आणायची?”

मग त्याने कोट खुंटीला अडकवला, जुना निळा डगला चढवला, पाकिटाचं सील फोडलं आणि नवे बोल्ट पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडले. फडक्याच्या कडेला, तिचा हात जाईल तिथे, बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटर ठेवला.

“मोज,” तो म्हणाला. “एकूण एक.”

तिने एकूण एक मोजला. तो शेजारी उभा राहून बघत होता.

गाडी मांजरचढण चढली ती एका साध्या कामाच्या दिवशी. ना मेळा, ना बाकं, ना सॉसेज. बाप आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसला होता. पहिल्या वळणाला त्याने दाराची मूठ घट्ट धरली, तिसऱ्याला सोडली. गेर्लिंडेने पाय दाबला आणि गाडीने डोंगर असा घेतला की मळ्यात वेली बांधणारी माणसं कंबर सरळ करून बघत राहिली. तेलाच्या तापमानाचा काटा जागचा हलला नाही.

माथ्यावर तिने गाडी सपाट जागी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं. खाली गाव, नदी, कारखान्यांची छपरं. पश्चिमेकडून काळंकुट्ट आभाळ चढत होतं आणि वारा भणाणत होता.

ऑयगेन बराच वेळ समोर बघत बसला. मग म्हणाला, “छान आहे.”

गेर्लिंडेने काचेतून वर पाहिलं. “छान कसलं, बाबा? धो धो येणार आता.”

“मला डोळे आहेत,” तो खेकसला. “हवेचं कोण बोलतंय? इंजिन.”

तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते पुसले नाहीत, त्याच्यादेखतच भरू दिले.

“तेल बघते,” शेवटी ती म्हणाली आणि दार उघडून खाली उतरली. “या गाडीत ते इंजिन गरम आणि चालू असतानाच बघावं लागतं.”

“बघ,” बाप म्हणाला. “आणि तेलाची पट्टी पुसायला ते जुनं फडकं घे, नवं नको.”