सारख्या ओळी

कडूबानं अकरा वह्या एकावर एक रचल्या, उपरण्यात गुंडाळल्या आणि सायकलच्या कॅरिअरला जुन्या ट्यूबनं आवळून बांधल्या. त्याची बायको दुर्गाबाई दारात उभी राहून बघत होती.

"वह्या कशाला नेता? सरानं तुम्हाला बोलावलंय."

"हातच्या काकणाला आरसा कशाला? दाखवतो सराला, पोरगी काय करून राह्यली ते."

आदल्या दिवशी गोपिकानं शाळेतून चिठ्ठी आणली होती. दहावीच्या पूर्वपरीक्षेत तिनं गणिताचा आणि विज्ञानाचा पेपर कोरा दिला होता. घरात दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हतं, म्हणून ती चिठ्ठी तिनंच वाचून दाखवली, आणि वाचताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. कडूबाचा विश्वास बसला नाही. तो एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कंपनीत कामाला होता. तिथं एका पोत्याचं लेबल दुसऱ्याला लागायचं, तसंच शाळेत काहीतरी झालं असणार, असं त्यानं ठरवून टाकलं.

तसा कडूबा पोरीवर जीव टाकणारा माणूस. परतूरकडची कोरडवाहू जमीन भावाकडं सोडून तो जालन्याला आला, तो गोपिका शिकावी म्हणूनच. ती नर्स होणार, हे त्यानं ती तिसरीत असतानाच सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. कंपनीतले सुपरवायझर रखमाजी साहेब, त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगला लागला, तेव्हा ते म्हणाले होते, "घरात टीव्ही चालू आहे तोवर पोरं पास होत नसतात." कडूबानं त्याच दिवशी घरातल्या छोट्या टीव्हीवर गोधडी टाकली आणि नियम घातला. रोज दहा पानं लिहायची. आठवड्याची सगळी पानं भरली, तर रविवारी अर्धा तास टीव्ही.

रोज कामावरून आला की तो हातपाय धुऊन वही मागायचा. बोट थुंकीनं ओलं करून पानं मोजायचा आणि प्रत्येक पानाखाली सही करायचा. प्रौढांच्या वर्गात तो चारच दिवस गेला होता, त्यात तेवढी सही आली. वाचता येत नसलं तरी आपल्याला बघता येतं, असं त्याचं म्हणणं. वीस वर्षं त्यानं पेरणीची तिफण धरली होती, आणि आता कंपनीत दाणा निवडायच्या चाळणीवर उभा राहायचा. लहानमोठा दाणा बाजूला, सारखा दाणा पोत्यात. डोळ्याला तीच सवय. सुरुवातीला गोपिकाच्या वहीत कुठं आकडे, कुठं आकृत्या, ओळी आखूड-लांब, खाडाखोड. तो नाक मुरडायचा. दिवाळीनंतर मात्र पान कसं नीट पेरल्यासारखं दिसायला लागलं.

"आता बराबर," तो म्हणाला होता. "अशीच लिहीत जाय."

आणि दिवाळीनंतरच तिनं रविवारचा टीव्ही मागायचं सोडलं. कडूबाला वाटलं, जिंकलो. कंपनीत चहाच्या वेळी त्यानं ते चौघांना सांगितलं. दुर्गाबाई एकदा म्हणाली, "पोरगी हसत न्हाई हो आजकाल. पी हळद अन् हो गोरी, असं होतं का कुठं? जरा सोडा तिला." त्यावर तो म्हणाला, "हसायला सारा जल्म पडलाय."

शाळेत गोपिकाचे वर्गशिक्षक धर्मराज सर एकटेच बसले होते. कडूबानं उपरणं सोडून वह्या टेबलावर मांडल्या.

"बघा सर. रोज दहा पानं. कोरा पेपर देणारी पोरगी असं लिहील का? काहीतरी घोटाळा झालाय तुमच्याकडं."

सरांनी वरची वही उघडली. एक पान वाचलं, दुसरं उलटलं, मग भराभर मधली पानं चाळली. पानांवरच्या तारखा बघत त्यांनी बाकीच्या वह्याही चाळल्या. कडूबा खुर्चीच्या कडेवर बसून त्यांच्या तोंडाकडं बघत होता.

"ओळी पाह्यल्या का? एकीला दुसरी कशी सारखी हाये."

"तुम्हाला वाचता येतं?" सरांनी विचारलं.

"सही येती."

"ती दिसते आहे. प्रत्येक पानाखाली आहे."

सरांनी पुन्हा वरची वही उघडली. कडूबानं खुर्ची पुढं ओढली.

"काय लिव्हलंय सर? बोट ठेवून वाचा."

सरांनी वही त्याच्याकडं फिरवली आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवत सावकाश वाचलं, "माझ्या डोक्यात काही राहत नाही."

"अन् त्याच्या खाली?"

"तेच."

"त्याच्या खाली?"

"कडूबा, दिवाळीनंतर सगळ्या वह्यांत हेच आहे."

कडूबानं स्वतःचं बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं आणि सरांसारखंच शेवटपर्यंत नेलं. मग दुसरी ओळ. मग तिसरी. पान संपलं तिथं त्याची सही होती. आपण हे रोज बघितलं, वर शाबासकी दिली, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"महिनाभर तिला अभ्यासाचं काही विचारू नका," सर म्हणाले. "झोपू द्या, टीव्ही बघू द्या. मार्चची परीक्षा राहिली तर राहिली. ऑक्टोबरला बसवू."

"बिलकुल विचारत न्हाई," कडूबा म्हणाला. त्यानं वह्या तिथंच सोडल्या.

घरी आल्यावर त्यानं आधी टीव्हीवरची गोधडी काढली, धूळ पुसली आणि टीव्ही लावला. दिवस अजून मावळला नव्हता. पडद्यावर कुणीतरी हसत होतं. आवाज ऐकून गोपिका आतून आली. तिच्या हातात नवी वही होती, बापाच्या सहीसाठी उघडून धरलेली.

"आज वही नको," कडूबा शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाला. "बस. टीव्ही पाह्य."

तिचा चेहरा उतरला. तिनं एकदा टीव्हीकडं बघितलं, एकदा बापाकडं.

"कमी पडली का बापू?" तिनं विचारलं. "दोन पानं अजून लिहिते."

तो नको म्हणेपर्यंत ती टीव्हीकडं पाठ करून खाली बसली होती आणि लिहायला लागली होती. कडूबा तिच्या मागं जाऊन उभा राहिला. तिच्या खांद्यावरून त्याला वही दिसत होती. पेन एकेक शब्द पुढं सरकत गेलं आणि ओळ पुरी व्हायच्या आधीच कडूबानं ती वाचली.