काढानाथाचा ओढा

१९७५च्या भाद्रपदात अनसिंगजवळच्या आमच्या गावाबाहेर, ओढ्याकाठी जत्राच लोटली होती. ओढ्याला चहाच्या रंगाचं पाणी आलं होतं, वर फेस! काढानाथ नावाचा बाबा गुडघाभर पाण्यात उभा राहून ओरडत होता, "देवीनं काढा उकळला! पाप्याच्या हातात काळा पडते!"

लोक लोटे भरून रांगेत. बाबा प्रत्येक लोट्यात चिमूटभर विभूती टाकी. नारळ आणणाऱ्याचा काढा तांबूसच राही, रिकाम्या हाताच्याचा शाईसारखा काळा होई. रंगराव तीन लोटे पिऊन पुण्यवान ठरला आणि लगेच झुडपामागं पळाला.

"पाप निघून राह्यलं!" बाबा म्हणाला.

पोटुशी गंगू रिकाम्या हातानं गेली होती. तिचा काढा काळा झाला. सासू प्रयागबाईनं तिला गोठ्यात बसवलं. भाकर एकाच वेळची.

नर्स विमलबाई तपासणीला आल्या तेव्हा गंगू रडत होती. "बाई, म्या काय पाप केलं वो?"

"पाप नाही, तुह्या अंगात रक्त नाही," म्हणत विमलबाईंनी लोहाची गोळी काढली. ती अर्धी फुटून शेजारी प्रयागबाईनं ठेवलेल्या तांबूस काढ्याच्या लोट्यात पडली. थोड्या वेळानं पाणी काळंभोर! चहातही लोह असंच काळं पडतं, म्हणून गोळी चहासोबत घेऊ नका, हे त्या रोज बायांना सांगत. त्या उठल्या आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला चालू लागल्या.

ज्वारीच्या शेतातून येणारी धार नुसती गढूळ होती. दुसरी, चहाच्या रंगाची धार बाभूळबनातून यायची. ते बन ठेकेदारानं उन्हाळ्यात तोडलं होतं. साली आणि पाल्याचे ढीग पाण्यातच कुजत होते. जवळच्या बंजारा तांड्यावरची नानीबाई म्हणाली, "हे पानी आमी बकरीलेबी पाजत नाही."

दुसऱ्या दिवशी विमलबाईंनी गोळ्या कुटून रांगेतल्या सगळ्या लोट्यांत आणि बाबाच्या कमंडलूतही टाकल्या. सगळे काळे. रंगरावाचा काळा, प्रयागबाईचा काळा, बाबाच्या कमंडलूतला सगळ्यांत काळा. गावात पुण्यवान औषधालाही उरला नाही!

"बाबा, तुमी कोनतं पाप केलं?" प्रयागबाईनं विचारलं आणि त्याची झोळी हिसकली. आत दोन पुड्या. एकीत राख, दुसरीत राखेत मिसळलेलं, शाई करायचं हिराकस.

"बाभळीच्या सालीचा अर्क पाण्यात उतरला," विमलबाई म्हणाल्या. "त्यात लोह पडलं की शाई होते. हिराकस म्हंजे लोहच. देवी काहून काढा उकळीन?"

बाबा धोतराचा ओला सोगा धरून पळाला. प्रयागबाई गोठ्यात गेली, गंगूचा हात धरला आणि म्हणाली, "चाल घरात. मीच येडी झालती."

वाचकहो, पाण्याचा रंग बदलला तर वरच्या रानात काय तोडलं, काय कुजलं ते आधी जाऊन पाहा. घरच्या सुनेला पापी ठरवण्याआधी एवढं चालणं काही फार नाही.