रिकामा कसा परत द्यायचा?

मी डबा बोलतोय. जर्मनचा म्हणजे ॲल्युमिनियमचा, कडीचा, एका बाजूला पोचा आलेला. या विसाव्या मजल्यावरच्या किचनमध्ये अगदी वरच्या फळीवर बसलोय खरा, पण मी या घरचा नाही. उलटा करून बघा, माझ्या बुडाला 'मिशन' असं नाव घातलंय.

लालबागच्या भांडीवाल्याकडून मला सिस्टर रेजिनांनी आणलं. त्या मूळच्या वसईच्या, डिलाईल रोडवरच्या मिशनमधल्या नन आणि तिथल्याच दवाखान्यात नर्स होत्या. दवाखाना आटोपला की मला घेऊन चाळीचाळीतून फिरायच्या. माझ्या पोटात कधी पेज, कधी दुधाची पावडर, कधी नुसत्या गोळ्या. चाळीत दिवसा दार कुणी लावतच नसे. "आहात का?" म्हणायचं आणि आत शिरायचं.

राधाबाईंचा गौतम तेव्हा तान्हा होता. जुलाबानं पोरानं मान टाकली होती. सिस्टर रोज पेज घेऊन यायच्या. एके दिवशी नाना, म्हणजे राधाबाईंचे यजमान, मिलमधून आले आणि दारातूनच म्हणाले, "सिस्टर, धर्म बदलायला आला असाल तर उशीर झाला बरं का. आमच्या बापानं छप्पन्न सालीच बदललाय!"

"मग तेवढं माझं काम वाचलं," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही पाणी उकळायला ठेवा."

नानांनी गुपचूप स्टोव्ह पेटवला.

गौतम वाचला. राधाबाईंनी मला घासून लख्ख केलं, पण लगेच परत दिलं नाही. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, ही त्यांच्या आईची शिकवण. बुद्ध पौर्णिमेला मी खीर घेऊन मिशनमध्ये गेलो. आता सिस्टर तरी मला रिकामा कशा ठेवतील? नाताळात करंज्यांसारख्या नेवऱ्या भरून मी पुन्हा चाळीत हजर. नाना गेले, गौतमचं लग्न झालं, तरी माझी ही येरझार काही थांबली नाही. माझ्याइतका सुखी डबा अख्ख्या परळात नसेल.

मग चाळ पडली आणि टॉवर उभा राहिला. सामान हललं तेव्हा मी नेमका राधाबाईंकडे होतो, म्हणून मीही लिफ्टनं वर आलो. तिकडे दवाखाना बंद झाला. पेजेची, पावडरीची कुणाला गरज उरली नव्हती. चांगलंच झालं की ते. पण मला मिशनच्या स्वयंपाकघराची फार आठवण यायची.

राधाबाईंचे हात आता थरथरतात. सूनबाई नम्रता म्हणाली, "आई, खीर ऑनलाइन मागवते ना."

"विकतची खीर सिस्टरला? काहीतरीच! जरा बरं वाटलं की मीच करीन."

बरं काही वाटलं नाही. सिस्टरही कधी आल्या नाहीत. लिफ्टचं दार वाजलं की माझा जीव वरखाली व्हायचा. विसरल्या म्हणून मी त्यांच्यावर रुसलोसुद्धा.

मागच्या महिन्यात कळलं, मिशनचं घर बंद होतंय आणि सिस्टर वसईला, म्हाताऱ्या सिस्टरांच्या आश्रमात चालल्यात. राधाबाईंनी मला तसाच उचलला आणि गौतमच्या गाडीत बसल्या.

"रिकामाच आणलाय हो," मिशनच्या दारात त्या मान खाली घालून म्हणाल्या. "लाज वाटते."

सिस्टरांनी मला दोन्ही हातांत घेतलं. किती हलके झाले होते ते हात! "राधा, तुझ्या गेटपर्यंत मी दोनदा येऊन गेले गं. वॉचमन विचारतो, काय काम आहे? हातात ना औषध, ना पेज. काय सांगणार? परत फिरले."

"राधाला भेटायचंय म्हणायचं की हो!"

मग दोघी बाकावर बसल्या आणि बराच वेळ एकमेकींचा हात धरून रडल्या. मला भरण्याच्या नादात त्या एकमेकींना मुकल्या होत्या. माझ्यासारख्या पोचा आलेल्या डब्यापायी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निघताना सिस्टर म्हणाल्या, "डबा तूच ठेव." आणि सवयीनं आत गेल्या, बांधाबांध झालेल्या स्वयंपाकघरातून मूठभर साखर आणून माझ्यात ओतली.

ती साखर राधाबाईंनी चहात चिमूट चिमूट घालून पुरवली. परवा संपली. आता पाळी राधाबाईंची. दर शनिवारी त्या गौतमला विचारतात, "उद्या वसईला नेतोस?" काल तो म्हणाला, "नेतो गं आई. पण आधी काहीतरी छानसं करून घेऊ, रिकाम्या हातानं कसं जायचं?"

राधाबाईंनी मान हलवली आणि मला पुन्हा वर ठेवलं.

अरे गौतम, तुझ्या तोंडात गेलेली पहिली पेज माझ्यातली होती, म्हणून हक्कानं सांगतो. तिकडे सिस्टर थकल्यात, इकडे तुझी आई. भरायचं राहू दे बाबा. रिकामाच ने मला, पण आजच, या रविवारी ने.