आइस हॉकी आणि लोधीपुऱ्याची मतं

आमच्या बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात बर्फ दिसतो तो रसवंतीवर, नाहीतर लग्नाच्या मांडवात पाण्याच्या ड्रममध्ये. आणि माझी मुलगी हिमानी लिहिते बर्फावरच्या हॉकीवर. हसू आलं ना? येऊ द्या. आधी मलापण यायचं. आता मात्र कोणी हसलं की दोन शब्द ऐकवल्याशिवाय मी त्याला सोडत नाही.

इंटरनेटवर मराठीचा एक ज्ञानकोश आहे. कोणीही घरबसल्या त्यात लेख लिहू शकतं, पैसा कोणालाच मिळत नाही. हिमानी सकाळी कॉलेजात शिकवते आणि दुपारी जेवण झालं की त्या ज्ञानकोशात घुसते. क्रिकेटचे लेख तिथे ढिगानं पडलेत. आइस हॉकीचं मराठीत कोणी नाव घेतलं नव्हतं. "पण आपल्याला काय करायचं त्या हॉकीचं?" मी एकदा विचारलं. "कोणी लिहिलं नाही मम्मी, म्हणून," ती म्हणाली. बस, इतकंच. चिकाटी तिनं बापाची घेतली. जीभ माझी घेतली असती तर जन्माचं कल्याण झालं असतं.

अमेरिका-कॅनडातले मोठे संघ, आणि त्यांचा एकेक हंगाम म्हणजे एकेक लेख. आधी ती एकटीच लिहायची. मग हळूहळू दुसरेही आले आणि गोंधळ सुरू झाला. जो तो आपल्या मनानं लिहू लागला. नेपानगरची सोनाली, हिमानीची मैत्रीण, तिचे वडील लग्नपत्रिका छापतात. तिनं सगळ्या खेळाडूंच्या नावाआधी 'श्री.' लावलं, प्रशिक्षकाला 'माननीय' केलं, आणि वयानं मोठे खेळाडू वर, धाकटे खाली असे मांडले. कोणी हरलेले सामनेच गाळले, अशुभ कशाला लिहायचं म्हणून. कोणी लिहिलं, 'अमक्या संघाला पाणी पाजलं'. मला तर तेच वाक्य आवडलं होतं. हिमानीनं कपाळाला हात लावला.

मग तिनं नियमावली लिहायला घेतली. व्यावसायिक आइस हॉकीच्या हंगामाचा लेख कसा असावा, त्याची. लेखाच्या नावात दोन्ही सालं हवीत, कारण खेळ पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि पुढच्या उन्हाळ्यात संपतो. संघ कितवा आला ते पहिल्याच परिच्छेदात सरळ सांगायचं. जादा वेळेत हरलेल्या सामन्यांचा रकाना वेगळा, कारण तसं हरलं तरी एक गुण मिळतो. हरूनही गुण म्हणजे भला खेळ आहे, मी म्हटलं. प्रत्येक आकड्याला आधार द्यायचा. आणि सगळ्यांच्या वर एक नियम: ज्या संघावर तुमचा जीव आहे, त्याच्या लेखात तो जीव दिसता कामा नये.

एकेक नियम ती मला वाचून दाखवायची. मी भेंडी चिरता चिरता ऐकायची आणि समजलं नाही तिथे टोकायची. ती चिडायची, पण ती ओळ पुन्हा लिहायची. चांगलं लिहिलं होतं पोरीनं, मी आई आहे म्हणून नाही सांगत.

नियमावली लिहून झाली की ती चर्चेला ठेवावी लागते. तिथले जाणते लेखक वाचतात, कारण देऊन 'सहमत' किंवा 'असहमत' लिहितात, आणि शेवटी प्रचालक, म्हणजे तिथले पंच, निकाल देतात. मंजूर झाली तर हिमानीचे सगळे लेख राहणार आणि पुढचे तिच्या नियमानं लिहिले जाणार. नामंजूर झाली तर सगळे हंगाम एकाच पानात कोंबून बाकीचं उडवणार, असं आधीच ठरलेलं. वर्षभराची मेहनत होती ती. पोरगी ताटावर बसून पण फोनच बघून राहिली होती.

खात्यावर तिनं आपलं गाव लिहिलंय, ते वाचून पहिलंच मत आलं ते असं: 'असहमत. ज्या गावानं बर्फ पाहिला नाही, तिथून बर्फावरच्या खेळाचे नियम कशाला? आणि आता मध्य प्रदेशातून आम्हाला मराठी शिकवणार का?'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेत हिंदी, बाजारात हिंदी, ऑफिसात हिंदी, आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या आम्ही घरात मराठी टिकवली, ती काय याला विचारून? हिमानीला म्हटलं, "दे फोन इकडे, मी सांगते त्याला."

"मम्मी, तू काही नाही बोलायचं," ती म्हणाली. "नियमावर बोलले तर मी उत्तर देईन. गावावर बोलले तर नाही देणार."

आणि खरंच गप्प बसली. तिला जमतं. मला नाही जमत.

त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या भावाच्या, दगाच्या मुलीचा, तृप्तीचा साखरपुडा होता. राजपुऱ्यातल्या हॉलमध्ये सगळी भावकी जमलेली. हिमानी परीक्षेच्या ड्यूटीमुळे उशिरा येणार होती. मी दगाजवळ मन मोकळं केलं. दगा केळीचे ट्रक भरून दिल्लीकडे पाठवतो, त्याचा आवाज असा की तो कुजबुजला तरी पलीकडच्या गल्लीत कळतं. तो म्हणाला, "ताई, मग आपण कशाला आहोत? भाचीची बैठक बसली आणि तिच्या बाजूनं एक माणूस नाही?"

आमच्याकडे रीतच आहे. सोयरिकीची बैठक असो की बांधाचा तंटा, माणूस एकटा जात नाही, सोबत चार माणसं नेतो. ती माणसं तोंड उघडत नाहीत, नुसती मांडी घालून बसतात, चहा पितात. पण बोलणाऱ्याच्या बोलण्याला वजन येतं. एकटा गेला तर समोरचा म्हणतो, याच्या पाठीशी कोणी नाही.

मग काय. हॉलच्या वायफायवर बसल्या जागी आम्ही ज्ञानकोशात खाती उघडली. पहिलं खातं माझं आणि पहिलं मत माझं. मी लिहिलं: 'सहमत. हिमानी जे लिहिते ते बरोबरच लिहिते. सुलभा, लोधीपुरा, बुऱ्हाणपूर.' दगानं तेच वाक्य फॅमिली ग्रुपवर टाकलं आणि ज्यानं त्यानं खाली आपलं नाव घालून चिकटवलं. माझी जाऊ उषा, तिच्या सुना, माझे मावसभाऊ, कोणी मागे राहिलं नाही. तृप्तीचे होणारे सासरेही पुढे आले. नवी सोयरीक, ते तरी नाही कसं म्हणणार? दगानं आपल्या पदरचं जोडलं, 'आमच्या भाचीला भारी बहुमतानं विजयी करा.' पंगत बसेपर्यंत ते पान आमच्याच माणसांनी भरून गेलं. आता बोल म्हणावं त्या माणसाला. माझं काळीज असं थंड झालं की मी गुलाबजाम दोन जास्त खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मी पोळ्या करत होते, तेव्हा हिमानी स्वयंपाकघरात आली आणि फोन माझ्यापुढे धरला. भूषण नावाच्या प्रचालकानं लिहिलं होतं: 'एकाच दुपारी, एकाच जागेवरून, एकच वाक्य. ही सगळी खाती एकाच व्यक्तीनं उघडलेली बनावट खाती असावीत असा संशय आहे. हिमानी यांनी खुलासा करावा. तो पटला नाही तर त्यांचं खातं बंद होईल आणि प्रस्ताव रद्द होईल.'

"बनावट?" मी म्हटलं. "दगा बनावट आहे? चांगला क्विंटलभराचा माणूस आहे."

ती हसली नाही. "मम्मी, तिथे माणसं मोजत नाहीत गं. कारण बघतात. कोणी असा जमाव आणला की समजतात, हिच्या लिहिण्यात दम नाही."

तिचे पप्पा, योगेंद्र, कमी बोलणारा माणूस. दारात उभं राहून ते म्हणाले, "लिहून दे, ही माणसं कोण मला माहीत नाही. त्यांची खाती बंद होतील, तुझं वाचेल. त्यांना कुठे परत तिथे जायचंय?"

खरं पाहता शहाणपणाची गोष्ट हीच होती. दगाला त्या खात्याचं काय लोणचं घालायचं होतं? मीपण म्हटलं, "लिही बेटा. कोण ही सुलभा, मी ओळखत नाही, असंच लिही." तोंडानं म्हटलं खरं, पण आत चर्रर झालं. पोटच्या पोरीनं जगापुढे आपल्याला ओळख द्यायची नाही, आणि ते आपणच सुचवायचं. आईवर अशी वेळ येऊ नये.

हिमानी माझ्या शेजारी फरशीवर बसली आणि लिहायला लागली. लिहून झाल्यावर फोन माझ्या हातात दिला. मी चष्मा पुसून वाचलं.

'ही खाती बनावट नाहीत. ही माणसं खरी आहेत आणि माझी आहेत. त्यातलं पहिलं मत माझ्या आईचं आहे. काल माझ्या मामेबहिणीचा साखरपुडा होता, तिथे बसून सगळ्यांनी लिहिलं. आमच्याकडे कोणी एकटं पडलं की लोक असेच सोबत येऊन बसतात. मी त्यांना बोलावलं नव्हतं, पण ते माझ्यासाठी आले हे मी नाकारणार नाही. इथल्या नियमानं त्यांची मतं धरता येत नाहीत, म्हणून ती मी स्वतः खोडते आहे. त्यांच्यावर कारवाई करू नका. करायचीच तर माझ्यावर करा. आणि नियमावली तेवढी, ती कोणाची हे न बघता, वाचा.'

तिनं ते पाठवलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत एकेक मत खोडायला लागली. माझ्या नावावरून आडवी रेघ गेली, सगळ्यात आधी. मग दगा, मग उषा, मग तृप्तीचे सासरेसुद्धा. कोणाची भीड नाही ठेवली.

मी रडले, सांगायला लाज कसली? पदर ओला होईपर्यंत रडले. खातं जाईल, वर्षाची मेहनत मातीत जाईल, हे समोर दिसत होतं. एका ओळीत सुटका होती. आणि या पोरीनं 'माझी आहेत' असं लिहिलं. माझी छाती इतकी भरून आली की पोळी तव्यावर करपली तरी मला कळलं नाही. तिच्या पप्पांनी गॅस बंद केला.

भूषणनी खुलासा मानला. त्यानंतर त्या पानावर गावाचं नाव कोणी काढलं नाही, बोलणं नियमांवर आलं. नागपूरच्या एका बाईंनी रकान्यांबद्दल विचारलं. गोव्याच्या एकानं विचारलं की मध्येच संघ बदललेला खेळाडू कुठे दाखवायचा. हिमानीनं सगळ्यांना शांतपणे उत्तरं दिली, एका नियमात चूक निघाली तर ती मान्य करून बदललीसुद्धा. ते पहिले गृहस्थ शेवटपर्यंत असहमतच राहिले. राहू द्या बापडे. बाकी मोजकेच लोक होते, कोणी तिच्या ओळखीचं ना पाळखीचं, आणि त्यांनी लिहिलं, सहमत. नियमावली मंजूर झाली. आता मराठीत कोणीही आइस हॉकीच्या हंगामावर लिहायला बसलं, मग तो मुंबईत बसो नाहीतर अमेरिकेत, तर माझ्या हिमानीनं आखून दिलेल्या रस्त्यानंच त्याला जावं लागतं.

मंजूर झाली त्या संध्याकाळी दगाचा फोन आला. मी दारापुढच्या ओट्यावर बसले होते.

"जिंकली ना भाची?" तो म्हणाला. "बघ ताई, आपली मतं कामाला आली."

"एकपण नाही धरलं," मी म्हटलं. "सगळी खोडली तिनं."

ते त्याच्या मनाला लागलं. "मग आपण गेलो ते फुकटच?"

"फुकट कसं? ते पान उघडून बघ. तुझं नाव आहे तिथे, वरून रेघ मारलेली, पण चांगलं वाचता येतं. आणि खाली तिनं लिहिलंय की ही माझी माणसं."

"मामाच्या नावावर रेघ मारली पोरीनं?"

"तुझ्या आधी माझ्यावर मारली," मी म्हटलं, आणि अशा आवाजात म्हटलं की सगळ्या गल्लीला ऐकू जावं.