बातमी वाचून सोडलेली गोळी

थोरली डोळ्यांची डॉक्टर. तिने दवाखान्यात बसून दोन वर्षांचे जुने केसपेपर चाळले होते. बुबुळाला इजा होऊन आलेल्यांत चिंतेवरची एक ठरावीक गोळी घेणारे जरा जास्तच निघत होते. गोळीने झापड येते म्हणून, की डोळे कोरडे पडतात म्हणून, हे तिलाही उमगलं नव्हतं, आणि तिने आपल्या शोधनिबंधात तसं स्पष्ट लिहिलं होतं. पेपरात मात्र छापून आलं, 'चिंतेची गोळी घालवते डोळे.'

नंतरचे चार दिवस तिचा फोन वाजतच राहिला. धाकट्या भावाला फोन करायचं राहून गेलं. चार वर्षं तो तीच गोळी घेत होता.

पाचव्या दिवशी केला, तर भावजयीने उचलला. "ताई, फोन घरीच विसरलेत. गोळ्या तर बातमी आली त्याच दिवशी फेकल्या. आज अंगाला कापरं भरलंय, तरी कारखान्यात गेलेत."

थोरली तशीच निघाली. ही गोळी एकदम तोडली की फिटचा झटका येऊ शकतो. आणि भाऊ फिरत्या चाकावर काचा घासायचा.

ती पोचली तेव्हा चाक फिरत होतं. भाऊ त्यावर ओणवा, घामाने निथळत, चष्मा कपाळावर. काच त्याच्या हातात थरथरत होती. हाक मारली तर दचकेल. ती भिंतीकडेने गेली आणि बटण दाबलं. चाक थांबेपर्यंत ती बटणाशीच उभी राहिली.

"वीज गेली का?" म्हणत तो वळला. "तू इथे?"

"गोळी का सोडलीस? मला विचारायचं तरी."

"तूच लिहिलंस ना? मग तुला काय विचारायचं?"

"काच खाली ठेव," ती म्हणाली. ठेवताना काच हातातून निसटून फुटली. मग तो तिच्यासोबत निघाला.

त्याच्या डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि संध्याकाळपर्यंत त्याला देखरेखीखाली ठेवलं. झटका आला नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्याचे डोळे तपासले. उजव्या बुबुळावर केसासारखा ताजा ओरखडा होता.

"हा गोळीचा, की गोळी सोडल्याचा?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. खरंच माहीत नव्हतं.

ओरखडा आठवड्यात भरला. गोळी कमी करत करत सुटायला सात महिने लागले. पेपराने तिचा खुलासा छापला, आतल्या पानावर, चार ओळींत.