मेरिटचा बिगुल

मेरिट हॉगन सैन्यात गेली ती कॉलेजचं कर्ज फेडायला, आणि हे ती कुणापासून लपवत नसे. मिनेसोटातल्या एका खासगी कॉलेजात ती ट्रम्पेट शिकली, पदवी घेतली आणि नॉर्थ डकोटात वडिलांच्या गावी परत येऊन किराणा दुकानात गल्ल्यावर उभी राहिली. आसपासच्या शाळा असलेल्याच संगीत शिक्षकांना घरी बसवत होत्या, तिथे नव्या शिक्षकाला कोण विचारणार? पगार हातात पडायचा आणि कर्जाचा हप्ता त्यातला निम्मा गिळून टाकायचा.

राज्याच्या नॅशनल गार्डला, म्हणजे अर्धवेळ सैन्याला, बँडसाठी ट्रम्पेटवाले हवेत, हे तिला एका गिऱ्हाइकाकडून कळलं. महिन्यातून एकदा शनिवार-रविवार, उन्हाळ्यात दोन आठवडे, सहा वर्षांचा करार. बदल्यात सरकार दरवर्षी कर्जाचा मोठा वाटा उचलणार. मेरिट जाऊन वाजवून आली, निवडली गेली, आणि मग तिने घरी सांगितलं.

तिचे वडील आर्लन शाळेची बस चालवायचे. आई गेल्यापासून घरात दोघंच. जेवता जेवता त्यांनी काटा खाली ठेवला.

"बाजा वाजवायला बंदूक कशाला शिकायची?"

"सगळ्यांनाच शिकावी लागते, बाबा."

"आणि उद्या लढाई पेटली तर? बँडवाली म्हणून तुला घरी ठेवतील?"

"नाही ठेवणार. ते माहीत आहे मला."

"म्हणजे कॉलेजवाले पैसे घेऊन मोकळे, आणि माझी पोर गोळ्या खायला."

"मग दुसरा रस्ता सांगा ना."

आर्लन ताट उचलून सिंककडे गेले. त्या दिवसापासून सैन्याचा विषय निघाला की ते गाडीची किल्ली उचलून बाहेर पडायचे. मिसूरीतल्या प्रशिक्षणात मेरिट चिखलात सरपटली, पाठीवरच्या ओझ्याने खांदे सोलवटून घेतले. बरोबरची पोरं शाळेतून नुकतीच सुटलेली. ती मेरिटला आजीबाई म्हणायची. शेवटच्या संचलनाला सगळ्यांच्या घरचे आले होते. आर्लन आले नाहीत. बापाला आपली लाज वाटते, असं तिने मनाशी धरून ठेवलं.

बँडपेक्षा तिला जास्त काम पडू लागलं ते दफनविधीचं. माजी सैनिक वारला की गणवेशातले दोघं-तिघं जायचे, शवपेटीवरचा झेंडा घडी करून घरच्यांना द्यायचे आणि बिगुलावर निरोपाची धून वाजायची. बिगुल वाजवता येणारी माणसं कमी, म्हणून पथकाकडे एक वेगळाच बिगुल होता. त्याच्या पोटात छोटं यंत्र. बटण दाबायचं, ओठाला लावून उभं राहायचं. धून आपोआप वाजायची. मेरिट असली की मात्र तो पेटीतच राहायचा.

तिसऱ्या वर्षीच्या जानेवारीत व्हर्न सॅदर गेले. व्हिएतनामला जाऊन आलेले. आर्लनना बस चालवायला शिकवलं ते यांनीच. शवपेटीला खांदा द्यायला आर्लन असणार, हे मेरिटला ठाऊक होतं. आपल्या मुलीला गणवेशात काम करताना ते पहिल्यांदाच बघणार होते.

स्मशानभूमीत उघड्या माळावरून वारा असा येत होता की पापण्यांवर बर्फ धरत होतं. पथकाची प्रमुख सार्जंट व्हेलन तिच्या कानाशी आली.

"आज यंत्र घे. खरा फुंकलास तर गार धातूला चिकटून ओठाची साल निघेल."

"तोंडाशी लावायचा भाग मी काखेत धरलाय, सार्जंट. कोटाच्या आत. गरम आहे."

"काखेत?" व्हेलनने हसू दाबलं. "बरं. फसलीस तर मी तुला ओळखत नाही."

मेरिट थडग्यापासून जरा लांब जाऊन उभी राहिली. काळ्या कोटांच्या घोळक्यात वडील कुठे आहेत ते तिने मुद्दामच पाहिलं नाही. पहिले सूर स्वच्छ निघाले. सगळ्यात वरच्या सुराला मात्र ओठ बधिर झाले आणि तो सूर चरकन फाटला. थांबायची सोय नव्हती. श्वास घेऊन तिने उरलेली धून सावकाश पुरी केली.

नंतर चर्चच्या तळघरात कॉफी आणि हॅमची सँडविचेस होती. व्हर्नची बायको इडा झेंड्याची घडी मांडीवर घेऊन बसली होती. तिने मेरिटला हाताने जवळ बोलावलं.

"एक सूर फाटला ना गं?"

"हो. माफ करा, मिसेस सॅदर."

"माफी कसली मागतेस? माझ्या दिराच्या वेळी ते यंत्र होतं. सगळं बिनचूक वाजलं आणि मला रडूसुद्धा आलं नाही. आज आलं. आणि आमचे हे तरी कुठे सुरात होते? जन्मभर चर्चमध्ये माझ्या कानाशी बेसूर गायले."

मेरिटला हसू आलं, आणि पाठोपाठ डोळेही भरले. ती भिंतीशी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने आर्लन कॉफीचे दोन पेले घेऊन तिच्याजवळ आले. एक त्यांनी तिच्या हातात दिला.

"त्या कर्जाला जामीन मी राहिलो होतो," ते म्हणाले. "सही केली नसती तर तुला ते कॉलेज मिळालं नसतं. तू गणवेश घातलास तेव्हा वाटलं, मीच विकलं तुला. म्हणून संचलनाला आलो नाही. तोंड कसं दाखवणार?"

"मला वाटलं, तुम्ही माझ्यावर चिडलाय."

"तुझ्यावर कशाला चिडू?"

"सही केली नसतीत तर मला आजची धूनही वाजवता आली नसती, बाबा."

त्यांनी मान हलवली. पटलं की नाही कोण जाणे, पण खांदे जरा सैल झाले.

"किती उरलंय?"

"निम्म्याच्या खाली आलंय."

"आणि सगळं फिटल्यावर?"

"सोडेन किंवा राहीन. अजून ठरवलं नाही. पण तेव्हा जे करेन ते माझ्या मर्जीने करेन."

आर्लननी कॉफीचा घोट घेतला. "तुमचा बँड लोकांसमोर वाजवतो कधी? म्हणजे, दफन सोडून?"

"जुलैत. बिस्मार्क शहरातल्या बागेत."

"खुर्च्या असतात, की घरून न्यायच्या?"

"घरून."

"मग दोन आणतो," ते म्हणाले आणि त्यांनी इडाकडे बघितलं. "तिलाही गाडीत घालून आणतो."