झेडच्या पुढे

सरांनी तिसऱ्यांदा प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर पुन्हा तेच आलं. नमुन्याच्या शब्दातली बाकी सगळी अक्षरं तीन घरं पुढे सरकली, पण झेडच्या जागी नुसता कंस उमटला.

“काहीतरी बारीकसंच आहे,” ते पुटपुटले.

दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने हुंकार दिला. अक्षरं सरकवून गुप्त मजकूर करायचा हा प्रोग्राम म्हणजे पहिल्या वर्षाचा धडा. सरांनी तो बावीस वर्षं शिकवला होता. आजारपणानंतर सोमवारपासून पुन्हा वर्गावर जायचं होतं. प्राचार्य एकेकाळचे त्यांचेच विद्यार्थी. चूक असलेला हा प्रोग्राम त्यांनीच पाठवला होता, ‘सहज नजर टाका’ असं लिहून. त्या ‘सहज’चा अर्थ नवराबायको दोघांनाही कळला होता.

“चहा टाकू?”

“आत्ताच झाला ना?”

“नाही झाला.”

सर उठले. चष्मा काढून ठेवून तोंड धुवायला गेले. नळ बराच वेळ वाहत राहिला.

ती खुर्चीत बसली. त्यांच्या प्रश्नपत्रिका, उत्तरांसकट, इतकी वर्षं तिनेच टाइप केल्या होत्या. या धड्यातली नेमकी ती ओळ बोटांना पाठ होती. झेडच्या पुढे वाट नाही, वळून ‘ए’पाशी यायचं. सव्वीसने भागायचं आणि बाकी धरायची. तेवढं टाइप करून ती परत दाराशी जाऊन उभी राहिली.

सरांनी येऊन प्रोग्राम चालवला. झेडचा सी झाला.

“जमलं की,” ती म्हणाली. “उगाच जिवाला घोर लावून घेतलात.”

ते पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी प्राचार्यांना फोन लावला.

“हो, बघितला. दुरुस्त झालाय… नाही, मी नाही केला.” त्यांनी दाराकडे पाहिलं. “सोमवारी दुसऱ्या कुणाला तरी पाठवा.”

तिने पदराने कोरडेच हात पुसले. सरांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावर स्वतः बसले आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

“बस. ती ओळ मला समजावून सांग.”

तिने सांगितलं. सावकाश, एकेक पायरी. सरांनी सगळं वहीत उतरवून घेतलं, मान डोलावली.

“बरं. आणि झेड आला की काय करायचं?”

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.